ट्रायमिथाइलइंडियमचा बबलर जोडताना

गड्ड्याच्या जत्रेतल्या माळांमध्ये चमकणारा निळा एलईडी घ्या. त्याचा उजेड इंडियम गॅलियम नायट्राइडच्या पातळ थरातून येतो आणि थरातलं इंडियम सहसा ट्रायमिथाइलइंडियमच्या वाफेतून. निळ्या एलईडीसाठी २०१४ मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फायबर इंटरनेटच्या लेझरमधलं इंडियम फॉस्फाइडही याच पदार्थापासून वाढवतात. सोलापुरातून एमएस्सी करून एमओसीव्हीडी (धातूंच्या सेंद्रिय संयुगांच्या वाफेतून पातळ थर वाढवण्याची पद्धत) लॅबमध्ये जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे नीट समजून जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पदार्थ पांढरा, स्फटिकरूप. एका इंडियमला तीन मिथाइल. ८८ अंशांना वितळतो, त्यामुळे आपल्या मे महिन्यातही घनच राहतो. हवा लागली की आपोआप पेटतो. पाण्याशी जोरात अभिक्रिया होऊन मिथेन सुटतो. म्हणून आग लागली तर पाणी अजिबात नको, धातूंच्या आगीसाठीची कोरडी पावडर किंवा कोरडी वाळू हाताशी ठेवा.

बबलर म्हणजे हा पदार्थ भरलेलं बंद भांडं, त्यातून वायू सोडला की तो वाफ उचलून नेतो. ते जोडताना त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवा. जोडणीत अडकलेली हवा निर्वात पंपाने काढा, शुद्ध नायट्रोजन भरा, पुन्हा काढा. हे बऱ्याच वेळा करा, कंटाळू नका. मग हीलियमने गळती तपासा आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडा.

खरी कसोटी तापमानाची. २० अंशांना बाष्पदाब सुमारे १.७ टॉर (दाबाचं एकक), ३० अंशांना ३.८ च्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त! २० अंशांवर, बबलरमध्ये ४०० टॉर दाब ठेवून मिनिटाला १०० घन सेंमी हायड्रोजन सोडला, तर मिनिटाला साधारण १९ मायक्रोमोल इंडियम मिळतं. बाथ, म्हणजे बबलरचं तापमान स्थिर ठेवणारं द्रवाचं भांडं, अर्ध्या अंशाने हलला तरी थरातलं इंडियमचं प्रमाण बदलतं. पाइप मात्र बाथपेक्षा गरम हवा. एसीचा झोत थेट पाइपवर येत असेल तर वाफ तिथेच गोठून पांढरे कण धरते. बाहेर रणरणतं ऊन असताना एसी पूर्ण जोरात चालतो, तेव्हा हे हमखास बघा.

घन पदार्थ वापरात झिजतो, त्यातून वायूला वाट मोकळी होते आणि वाफ कमी उचलली जाते. म्हणून मी दोन बबलर एकामागे एक लावायच्या मताची आहे. रिकामा वाटणारा बबलरही उघडू नका, आतली उरलेली भुकटी पेट घेते. व्हॉल्व्ह बंद करून, टोप्या घट्ट बसवून तो पुरवठादाराकडे परत पाठवा.