पावसाळ्यात गाडीचा अलार्म विनाकारण वाजत असेल तर

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत गाडीचा अलार्म रात्री-अपरात्री वाजू लागला, तर सायरनची वायर काढून टाकण्याआधी बॉनेट उघडून कडेचा छोटा पिन-स्विच पाहावा. त्यावर तांबूस गंज किंवा हिरवट थर चढला की बॉनेट बंद असूनही ते उघडेच असल्याचा संकेत यंत्रणेला मिळत राहतो. मिरामारला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आमच्या गाडीत नेमका हाच दोष निघाला आणि बारीक पॉलिश पेपरने पिन घासून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारल्यावर तो दूर झाला.

बॅटरी कमजोर झाली तरी अलार्म असा वाजू शकतो, म्हणून तीही तपासावी. गाडी काही तास बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत.

रिमोट दाद देत नसेल, तर आधी त्याचा सेल बदलावा. पुष्कळ रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. तरीही उपयोग झाला नाही, तरच रिमोटची पुन्हा नोंदणी करावी, म्हणजे अलार्मला तो नव्याने ओळखायला लावावा. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये इग्निशन चालू करून डॅशबोर्डखालचे लपवलेले बटण ठरावीक वेळा दाबावे लागते आणि मग सायरनचा बारीक आवाज येईपर्यंत रिमोटचे बटण धरून ठेवावे लागते. किती वेळा दाबायचे हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलते, म्हणून पुस्तिका पाहिल्याशिवाय अंदाजाने प्रयोग करू नयेत. काही यंत्रणांमध्ये नव्या नोंदणीबरोबर जुने रिमोट पुसले जातात. त्यामुळे घरातले सर्व रिमोट हाताशी घेऊनच बसावे.