फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत बसून रेखाटन कसे करावे

वेगाने सरकणारी माणसे कागदावर उतरवणे अवघड असते, पण फिगर स्केटिंगमध्ये खरी अडचण वेगाची नसून निवडीची असते. वरिष्ठ गटातील एकेरी स्केटरचा शॉर्ट प्रोग्रॅम (पहिली, छोटी फेरी) सुमारे २ मिनिटे ४० सेकंदांचा आणि फ्री स्केटिंग (दुसरी, मोठी फेरी) सुमारे ४ मिनिटांचे असते. एवढ्या वेळात स्केटर शेकडो आकार धारण करतो आणि नवखा चित्रकार त्या सर्वांच्या मागे धावू लागतो, त्यामुळे हाती एकही पूर्ण आकृती लागत नाही. हालचालीचा पाठलाग सोडून, ती जिथे क्षणभर स्थिरावते किंवा पुन्हा तशीच घडते अशा जागा आधी हेरल्या, तर हेच काम पुष्कळ आवाक्यात येते. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

साहित्य आणि जागा

साहित्य थोडे न्यावे. हातात मावणारे स्केचबुक, २बी ते ६बी या दरम्यानच्या दोन-तीन पेन्सिली आणि हवे असल्यास एक ब्रश पेन एवढे पुरेसे असते. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, सभागृहात गारवा असतो. तिथे बॉलपेनची शाई घट्ट होऊन अडखळते आणि जलरंग सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, ग्रॅफाइटला मात्र थंडीचे काही वाटत नाही. बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे घालावेत. खोडरबर न नेलेलाच बरा, कारण एक रेघ पुसेपर्यंत स्केटरने आणखी चार आकार बदललेले असतात.

बसण्याची जागा निवडता येत असेल, तर अगदी पहिल्या रांगेचा मोह टाळावा. तिथून चेहरे जवळ दिसतात, पण रिंकच्या कडेची फळी स्केटरचे पाय झाकते आणि या खेळात सारे काही पायांपासून सुरू होते. काही रांगा वर, लांब बाजूच्या साधारण मध्यावर बसल्यास संपूर्ण बर्फ दिसतो. मोठ्या स्पर्धांचे रिंक बहुधा ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. म्हणजे दूरच्या कोपऱ्यातील स्केटर अगदीच लहान दिसणार हे गृहीत धरून, तो जवळच्या अर्ध्या भागात येईल तेव्हाच रेखाटावा. फ्लॅश तर कधीही वापरू नये, त्याने स्केटरचे डोळे दिपतात आणि अपघात होऊ शकतो.

आधी सराव पाहावा

प्रेक्षकांना सराव सत्र खुले असेल, तर रेखाटनासाठी ते मुख्य स्पर्धेहूनही उपयोगी ठरते. तिथे स्केटर एकच उडी पुन्हा पुन्हा घेतो आणि आपल्या प्रोग्रॅममधील ठरलेल्या मुद्रा ठरलेल्या जागी करतो. स्पर्धेच्या वेळी तो त्याच कोपऱ्यातून, त्याच वळणाने उडीकडे जाणार आहे हे आपल्याला आधीच ठाऊक झालेले असते. सराव पाहणे शक्य नसेल, तर प्रत्येक गटापूर्वीच्या वॉर्म-अपवर भिस्त ठेवावी. एकेरीच्या गटात साधारण सहा स्केटर ६ मिनिटे एकाच वेळी बर्फावर असतात. या वेळात एकाच्याच मागे न लागता पानभर पाच-सहा सेंटिमीटर उंचीच्या आकृत्या काढाव्यात आणि एक आकृती अर्धवट राहिली की तशीच मुद्रा दुसऱ्या स्केटरमध्ये सापडताच ती पूर्ण करावी. दोन माणसांच्या मिळून झालेल्या अशा आकृत्या अनेकदा आश्चर्यकारक जिवंत वाटतात.

झुकाव हीच पहिली रेघ

आता मुख्य काम. स्केटच्या पात्याला तळाशी बारीक खोलगट खाच असते आणि त्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. स्केटर बहुतेक वेळ यांपैकी एकाच कडेवर सरकत असतो, म्हणून तो सरळ न जाता वळणावर जातो आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला त्याचे शरीर झुकलेले असते. उभ्या माणसाचे रेखाटन शिकताना आपण मानेपासून टाचेपर्यंत ओळंबा धरतो, स्केटरला तो ओळंबा लावला की तो पुतळ्यासारखा दिसू लागतो. यासाठी पात्याचा बर्फाशी जिथे स्पर्श होतो तो बिंदू प्रथम मांडावा आणि तिथून डोक्यापर्यंत जाणारी तिरकी रेघ एका हिसक्यात ओढावी. वेग जितका जास्त आणि वळण जितके लहान, तितकी ती रेघ अधिक तिरकी. खांदे, कंबर, मोकळा पाय आणि हात त्यानंतर त्या रेघेवर बसवावेत.

स्कॉटिश चित्रकार हेन्री रेबर्नचे मानले जाणारे, १७९० च्या दशकातील बर्फावर सरकणाऱ्या धर्मोपदेशकाचे चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. हातांची छातीवर घडी, एक पाय मागे उचललेला आणि सारे शरीर पुढे कललेले, एवढ्यावर ते चित्र उभे आहे. काळ्या कपड्यांतल्या त्या माणसाच्या हालचालीचा भास बहुतांशी त्या झुकावातून येतो.

झुकावाबरोबर पात्याने कोरलेली रेषाही काढावी. एके काळी बर्फावर ठरावीक वर्तुळे व वळणे काटेकोरपणे रेखाटणे हा स्पर्धेचाच भाग होता आणि १९९० नंतर तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळला गेला, पण आजचा स्केटरही बर्फावर वक्र रेषा मागे ठेवतच जातो. स्केटर पुढच्या दिशेने जात असेल, तर ही रेषा त्याच्या पाठीमागे राहते. तो उलटा सरकत असेल, तर ती त्याच्या छातीसमोर उलगडत जाते. दिशा सांगायला ही एक बारीक रेघ पुरते, वेग दाखवण्यासाठी आकृतीमागे फराटे ओढण्याची गरज उरत नाही.

बर्फ स्वतः रंगवू नये. कोरा कागद हाच बर्फ. पृष्ठभाग गुळगुळीत करणारे यंत्र नुकतेच फिरवलेला बर्फ ओलसर असतो आणि त्यात स्केटरच्या पायांचे प्रतिबिंब अस्पष्ट दिसते, दोन-चार प्रोग्रॅम झाले की तोच पृष्ठभाग ओरखड्यांनी भरून निस्तेज होतो. छतावर अनेक दिवे असल्याने सावली फिकट आणि विखुरलेली पडते, तरीही ती एका हलक्या पट्ट्याने नोंदवावी. हवेतल्या स्केटरचे पाते आणि ही सावली यांच्यातील अंतर पाहूनच चित्र बघणाऱ्याला उडीची उंची कळते.

उडी, गिरकी आणि जोडी

उडीचा हवेतला भाग एका सेकंदापेक्षाही कमी टिकतो, तेव्हा तो प्रत्यक्ष पाहून काढण्याचा हट्ट धरू नये. काढावे ते उडीपूर्वीचे आणि नंतरचे. लुट्झ उडीआधी स्केटर कोपऱ्याकडे लांबलचक वळणावर उलटा सरकत जातो, खांद्यावरून मागे पाहतो आणि मोकळ्या पायाच्या पात्याचे दातेरी टोक बर्फात रोवतो. या तयारीत आकृती काढायला पुरेसा अवकाश मिळतो. ॲक्सल मात्र पुढे तोंड करून घेतली जाते, त्यामुळे तिच्या आधीचा पवित्रा लगेच वेगळा ओळखू येतो. बर्फावर उतरल्यावर उतरलेल्या पायाचा गुडघा खोल वाकतो, दुसरा पाय मागे लांब ताणला जातो, दोन्ही हात पसरतात, हनुवटी वर येते, आणि यशस्वी उडीनंतर स्केटर ही मुद्रा मुद्दाम धरून ठेवतो. माझ्या मते साऱ्या प्रोग्रॅममध्ये रेखाटण्याजोगा याहून चांगला क्षण नाही.

गिरकी वेगवान दिसली तरी चित्रकारासाठी ती जवळजवळ स्थिर असते. माणूस जागचा हलत नाही आणि त्याच बाजू पुन्हा पुन्हा समोर येतात. बैठी गिरकी असेल तर मांडी बर्फाला समांतर, कॅमल गिरकी असेल तर धड आणि मागचा पाय आडव्या रेषेत, असा मूळ आकार उभ्या अक्षावर बसवावा. चेहरा काढू नये, तो दिसतच नाही. केस आणि झग्याचा घेर बाहेर फेकले जातात तेवढे नोंदवले की झाले.

जोडीच्या आणि आइस डान्सच्या स्पर्धेत दोघांना वेगवेगळे काढत बसू नये. दोघांची मिळून एक बाह्याकृती प्रथम घ्यावी, नंतर आत कोणाचा हात कुठे आहे ते पाहावे.

प्रेक्षक

स्केटर बर्फावर असताना प्रेक्षक बहुतेक जागेवर खिळलेले असतात, आणि हे फुकट मिळालेले मॉडेल आहे. जाड कोट, मांडीवर घेतलेली पांघरुणे आणि गळ्याभोवतीचे मफलर यांमुळे शरीरे गोळ्यांसारखी दिसतात. तेव्हा रांगेतील प्रत्येकाला वेगळे न काढता तीन-चार माणसांचा एक गठ्ठा धरावा आणि त्यातल्या एकाच चेहऱ्यावर वेळ द्यावा. सर्वांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या असतात, ती दिशा अचूक पकडली तर चित्रात न दिसणारा स्केटरही कुठे आहे ते समजते. कोणी पडले की हात तोंडाकडे जातात. पदन्यासाच्या वेळी अनेकदा तालावर टाळ्या सुरू होतात. प्रोग्रॅम संपल्यावर लोक उभे राहून फुले आणि मऊ खेळणी बर्फावर टाकतात तेव्हा मात्र गोंधळ इतका असतो की फक्त उंचावलेल्या हातांच्या रेघा घ्याव्यात.

प्रेक्षकांहूनही अधिक मोलाचा विषय म्हणजे फळीशी उभा असलेला प्रशिक्षक. त्याच्या हातात पात्यांची कव्हरे असतात, दुसऱ्या हाताने तो फळी घट्ट धरतो आणि शिष्याने उडी घेताच नकळत स्वतःही खांदा फिरवतो, टाचा उचलतो. पुढे गुणांची वाट पाहताना स्केटर आणि प्रशिक्षक ‘किस अँड क्राय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाकावर शेजारी बसतात. धाप लागलेली, नजर पडद्याकडे, हातात पाण्याची बाटली. चेहऱ्याचे रेखाटन करायचे असेल, तर ही एक-दोन मिनिटे राखून ठेवावीत.

आपण काढत आहोत हे शेजारच्या माणसाच्या लक्षात आले, तर नजर हलवून दुसरा विषय घ्यावा किंवा सरळ परवानगी विचारावी. कोणाच्या मुलाचा चेहरा ओळखता येईल असा काढायचा असेल, तर आधी पालकांना विचारणे उचित.

घरी आल्यावर

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात स्केटरचे नाव, हालचालीचा प्रकार आणि पोशाखाचा रंग तिथल्या तिथे लिहून ठेवावा. दोन गटांमध्ये यंत्र फिरते तो वेळ यासाठी उत्तम. आठवणीवर विसंबल्यास रात्रीपर्यंत सगळे निळे पोशाख एकसारखे होतात. घरी शाई किंवा रंग चढवताना जी आकृती झुकावाच्या एका रेघेवर तोललेली आहे तीच निवडावी. छायाचित्र पाहून तिची बोटे आणि चेहरा दुरुस्त करायला बसू नये. त्या नादात मूळची तिरकी रेघ हळूहळू सरळ होते, म्हणून शंका आल्यास नवीन कागदावर वेगळी प्रत काढावी आणि जागेवर केलेले पान तसेच राहू द्यावे.