हाडांचं इंजेक्शन चालू असताना दाढ काढायची असेल तर

हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कॅन्सर हाडांत पसरल्यावर जी इंजेक्शनं देतात, त्यांच्यामुळे दाढ काढल्यावर जखम न भरता जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. हे औषध अजून सुरूच झालं नसेल तर दातांची सगळी कामं आधी उरकून घ्या. दाढ काढायची असल्यास जखम भरायला दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

औषध चालू असेल तर पहिलं काम म्हणजे त्याचं नाव शोधणं, आणि घोडं अडतं ते इथेच. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं की काकू बीपी-शुगरच्या पट्ट्या काढतात. वर्षातून एकदा लावलेली सलाईन कुणी औषधात धरतच नाही. खोदून विचारलं तर उत्तर येतं, ‘ते कॅल्शियमचं होतं जी!’ बहुतेकदा ते कॅल्शियम नसतंच. म्हणून मी सरळ फाईल मागतो. नागपुरातल्या जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलची असो की तुकडोजी चौकातल्या, डिस्चार्ज कार्डासकट सगळी आणा.

त्यात नावाइतकीच मात्रा बघायची. झोलेड्रोनिक अॅसिड 5 मिग्रॅ वर्षातून एकदा किंवा डेनोसुमॅब 60 मिग्रॅ सहा महिन्यांनी, म्हणजे ठिसूळ हाडांसाठी. यात जबड्याचं हाड उघडं पडणं विरळाच. तेच 4 मिग्रॅ किंवा 120 मिग्रॅ दर महिन्याच्या आसपास असेल तर ते हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी, आणि धोका कितीतरी पट मोठा. सुनिटिनिब, बेव्हॅसिझुमॅब ही कॅन्सरची औषधंही सांगा. झोलेड्रोनिक किंवा अॅलेंड्रोनेट (ठिसूळ हाडांची गोळी) बंद होऊन चार वर्षं झाली असली तरी सांगा. ती हाडात वर्षानुवर्षं मुरलेली असतात.

‘महिनाभर औषध बंद करा, मग काढू’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. मुरलेलं औषध महिन्यात कुठे जाणार? आणि डेनोसुमॅब परस्पर लांबवलं तर पाठीचे मणके पटापट मोडू शकतात. तारीख पुढे-मागे करायचीच असेल तर ते औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

दाढ वाचत असेल तर रूट कॅनलच करा. काढावीच लागली तर तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडून. नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्यांचा विभाग आहे. खर्रा बंद. ‘एका बाजूनंच खातो’ हेही चालणार नाही. टोचणारी कवळी घासून घ्या.

नंतर खड्ड्यात पांढरट हाड दिसलं, पू आला किंवा ओठ बधिर झाला तर लगेच दाखवा. आठ आठवडे हाड उघडं राहिलं तर औषधामुळे जबड्याचं हाड खराब झाल्याचं निदान पक्कं होतं, पण तोवर घरी हळद दाबत बसू नका.