गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात काय काय करून ठेवायचं

मायचं गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन पहिल्यांदा ठरलं तेव्हा आम्ही पैशाची सोय केली, रजा टाकल्या, भाऊ तिला चोपड्याहून जळगावला घेऊन आला, ॲडमिट केलं, आणि डॉक्टरांनी पाय बघितले तर टाचेच्या भेगेत पू. तारीख रद्द. बरोबरच केलं त्यांनी, कारण अंगात कुठंही इन्फेक्शन असलं तर ते रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतं, आणि धातूवर जंतू बसले की बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, गुडघा परत उघडावा लागतो. हे दिवाळीच्या आधीचं, मग जानेवारीत ऑपरेशन झालं. मधल्या तीन महिन्यात जे जे केलं ते सगळं सांगते, म्हणजे तुमची फेरी वाया जायला नको.

सगळ्यात आधी माणसाला ओसरीवर उजेडात बसवा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत बघा. किडलेला दात, सुजलेली हिरडी असेल तर दाताच्या डॉक्टरकडे आत्ताच जायचं, ऑपरेशननंतर बघू असं नाही. लघवीला जळजळ होते का विचारा, बाया आपणहून सांगत नाहीत. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, नखुरडं, गळू, खाजवून झालेली जखम, सगळं बघा. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत ओल्यात काम करणाऱ्या बायांच्या टाचा कायम फुटलेल्या, आणि विचारलं की उत्तर एकच, "त्याले काय व्हस". रोज रात्री कोमट पाण्याने धुऊन, नीट कोरडे करून, व्हॅसलीन लावून मोजे घालायचे, एवढंच केलं आम्ही, महिन्याभरात टाचा भरून आल्या. आणि गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापतं आणि तिथूनच जंतू शिरतात, काढायचे असतील तर ते हॉस्पिटलवाले मशीनने काढतील.

मग गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, सगळ्या म्हणजे सगळ्या. रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते तेच ठरवणार, स्टेंट बसवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने ती बंद केली तर जिवावर बेतू शकतं. शुगरची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ती बहुतेक तीन दिवस आधी थांबवतात, पण तेही विचारूनच. आणि पुडी! बाजारच्या दिवशी कुणीतरी देतं ती सांधेदुखीची बिननावाची पुडी, घेतली की दोन तासात माणूस चालायला लागतं. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय, बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं आणि ऑपरेशनच्या वेळी बीपी एकदम पडू शकतं. मायने दीड वर्ष घेतलेली, आम्हाला पत्ताच नव्हता, डब्यात सापडली तेव्हा कळलं. रागावू नका, दुखतं म्हणून घेतात बिचाऱ्या, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गुडघ्यात मागच्या तीन महिन्यात इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख पण सांगा, त्यानंतर लगेच ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो.

शुगरवाल्यांची एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी बघतात, बरेच सर्जन साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय हात लावत नाहीत. तो आकडा मागच्या तीन महिन्यांचा असतो, आठवडाभर गोड सोडून उतरत नाही, म्हणून लवकर लागा. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आधीच भरून काढा. तंबाखू, मशेरी किमान महिनाभर आधी बंद, जखम भरायला त्याने फार वेळ लागतो.

नंदुरबारकडच्या लोकांसाठी एक वेगळं. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागात सिकलसेल हा जन्मतः असणारा रक्ताचा आजार बराच आहे, आणि त्यात खुब्याच्या हाडाचं डोकं रक्त न मिळाल्याने मरतं. पंचविशी-तिशीतला पोरगा लंगडायला लागला तर मुरगळलं म्हणून सोडून देऊ नका. ऑपरेशन ठरलं तर सिकलसेलची तपासणी झालेली असलीच पाहिजे, कारण अशा पेशंटला पाणी कमी पडू देणं, गारठू देणं, ऑक्सिजन कमी होऊ देणं यातलं काहीच चालत नाही, कधी आधी रक्तही द्यावं लागतं.

व्यायाम आधीच सुरू करा, हे मी हात जोडून सांगते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मांडीत ताकद असेल तर उठणं सोपं जातं. वॉकर आधीच आणून अंगणात चालायला शिकवा, दुखत असताना नवीन गोष्ट शिकणं अवघड.

घरात वॉकर न्हाणीच्या दारातून जातो का ते मोजा, आमचा गेलाच नाही, दुसरा आणला. कमोडची खुर्ची घ्या. झोळ पडलेली बाज बंद, टणक पलंग हवा, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. गोधड्या, चटया, वायरी उचला. हात असलेली जड खुर्ची ठेवा, प्लास्टिकची सरकते. चूल खाली असेल तर ओट्यावर सोय करा, आणि यंदा पापड लाटायला, कळण्याच्या भाकरी थापायला ती खाली बसणार नाही हे घरात आधीच सांगून टाका. माय आखाजीला सगळ्या पोरी येणार म्हणून हट्टाला पेटलेली, तेव्हा भावजय सरळ म्हणाली, आत्या, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, आम्ही करतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, कुठल्या हॉस्पिटलला, ते ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला विचारा, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय ना बघा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथंही चौकशी करा. इम्प्लांटच्या, म्हणजे गुडघ्यात बसवतात त्या सांध्याच्या किमतीला २०१७ च्या ऑगस्टपासून सरकारने मर्यादा घातलीय, बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा आणि त्याचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा.

आदल्या रात्री साबण लावून स्वच्छ अंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. खाणं साधारण सहा तास आधी बंद, पाणी किती वाजेपर्यंत ते विचारून कागदावर लिहा. बांगड्या, जोडवी, नथ घरीच काढा, तिथं कापावी लागली तर जीव तुटतो.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी देऊ नका, बरं वाटतं पण पाय वाकडाच राहतो, उशी द्यायचीच तर टाचेखाली. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. भेटायला येणारे ढीगभर असतात, त्यांना जखमेला हात लावू देऊ नका. पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. आणि जखमेतून पाणी यायला लागलं तर गावातल्या मेडिकलवरून गोळ्या आणून देऊ नका, त्याने खरा जंतू कुठला ते तपासणीत सापडत नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, त्यांचा नंबर आम्ही पलंगाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता.