स्ट्राइप बदलली, फाइल मात्र जुनीच

परभणी जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून पुण्यातल्या एका समांतर संगणकावर लॉगिन करून मी गोदावरी खोऱ्यातील पावसाचे मॉडेल चालवू लागलो, तेव्हा समांतर प्रोग्रामिंग आपल्याला येते, असा माझा समज होता. जॉबला, म्हणजे मॉडेलच्या एका फेरीला, १०० मिनिटे लागत आणि त्यातली २० केवळ फाइली लिहिण्यात जात. प्रोसेसर दुप्पट केल्यावर आकडेमोडीची ८० मिनिटे ४० वर आली, लिहिण्याची २० मात्र तशीच राहिली. प्रोसेसर कितीही वाढवले तरी ज्या भागाला त्यांचा उपयोग नाही तो एकूण वेग अडवतो, या संगणकतज्ज्ञ अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेल्या नियमावर मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते. तोच नियम स्वतःच्या जॉबमध्ये ओळखायला मला दोन महिने लागले.

सुरुवातीला प्रत्येक प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारी प्रोग्रामची प्रत्येक प्रत, दर तासाच्या आउटपुटसाठी आपली वेगळी फाइल लिहीत असे. १०२४ प्रोसेस आणि दहा दिवसांचे २४० तास, म्हणजे २,४५,७६० फाइली. लस्टरसारख्या, मोठ्या समांतर संगणकांवरील फाइल सिस्टिममध्ये डेटा अनेक स्टोरेज टार्गेटांवर, म्हणजे ओएसटींवर, राहतो; पण फाइल तयार करण्याची आणि उघडण्याची नोंद मेटाडेटा सर्व्हरकडेच होते. सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात आत काटे कितीही असोत, प्रत्येक कट्ट्याची वेगळी पावती फाटकावर फाडायची ठरवली, तर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत येणारच. म्हणून मी सर्वांसाठी एकच सामायिक फाइल केली, आणि वेग आणखी घसरला.

खरी फसगत येथून पुढे झाली, म्हणून ती सविस्तर सांगतो. लस्टरमध्ये एक फाइल किती ओएसटींवर विभागायची, हे स्ट्राइप काउंट ठरवतो. आमच्याकडे तो मुळात १ होता. म्हणजे १०२४ प्रोसेसचा सगळा डेटा एकाच ओएसटीवर जाऊन आदळत होता. मी आउटपुटच्या डिरेक्टरीवर ‘एलएफएस सेटस्ट्राइप’ या आदेशाने काउंट ८ केला आणि जॉब पुन्हा चालवला. काहीच फरक पडला नाही. १६ केला, तरी नाही. एका सीनियरने ‘सगळे ओएसटी दे, विषय संपव’ असे सुचवले. तेही करून पाहिले. तीन आठवडे असेच गेले. शेवटी तेथील सिस्टिम अ‍ॅडमिनला मेल केला, तेव्हा एका ओळीचे उत्तर आले: ‘डिरेक्टरीचे नको, फाइलचे गेटस्ट्राइप पाठवा.’ गेटस्ट्राइप हा प्रत्यक्षातली स्ट्राइप दाखवणारा आदेश. पाहतो तर फाइलचा काउंट अजूनही १ च होता.

कारण साधे आहे. फाइलची स्ट्राइप ती तयार होताना ठरते आणि डिरेक्टरीवरील बदल त्यानंतर जन्मलेल्या फाइलींनाच लागू होतो. माझा प्रोग्राम दर वेळी तीच जुनी फाइल उघडून, रिकामी करून, तिच्यावरच लिहीत होता, आणि फाइल रिकामी केली तरी तिची मांडणी बदलत नाही. त्याच फाइल सिस्टिमवर ‘एमव्ही’ने ती नव्या डिरेक्टरीत हलवली, तरीही बदलत नाही, कारण तेथे फक्त नाव बदलते. जुनी फाइल आधी काढून टाका, किंवा ‘सीपी’ने नव्या नावाने कॉपी करा, किंवा फाइलचा डेटा नव्या मांडणीत हलवणारे ‘एलएफएस मायग्रेट’ वापरा. आणि त्यानंतर त्या फाइलवरच ‘गेटस्ट्राइप’ चालवून खात्री करा. हे न तपासता घेतलेली प्रत्येक टायमिंग वाया जाते. माझ्या वहीतली तीन आठवड्यांची पाने अशीच वाया गेली आहेत.

त्या सीनियरवर माझा राग नाही. परंतु दुसऱ्याची जॉब स्क्रिप्ट उचलून त्यातले आकडे आपल्या फाइलींना चिकटवणे हा शॉर्टकट मला आता अजिबात मान्य नाही. लहान फाइल सगळ्या ओएसटींवर पसरवली, तर लाभ शून्य आणि ओझे जास्त. ज्या मार्गदर्शकाने अलीकडे स्वतः जॉब चालवलेला नाही, त्याचा या बाबतीतला सल्ला आदराने ऐकावा, मग डार्शनचा, म्हणजे जॉबचे फाइल वाचणे-लिहिणे नोंदवणाऱ्या साधनाचा, अहवाल काढून स्वतः पाहावे.

माझ्या अहवालात असंख्य बारीक राइट दिसले, कारण मॉडेलच्या ग्रिडचे, म्हणजे नकाशावरील चौकटींच्या जाळीचे, प्रत्येक प्रोसेसकडचे तुकडे फाइलमध्ये सलग बसत नव्हते. त्यावर उपाय कलेक्टिव्ह आय-ओ हा आहे: काही निवडक प्रोसेस इतरांचा डेटा गोळा करून मोठ्या सलग तुकड्यांत लिहितात. हवामानाचा डेटा साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेटसीडीएफ-४ या लायब्ररीच्या समांतर वापरात व्हेरिएबलचा अ‍ॅक्सेस मुळात इंडिपेंडंट असतो, म्हणजे प्रत्येक प्रोसेस आपापले लिहिते. तो कलेक्टिव्ह करणारी एक ओळ मी लिहिलीच नव्हती. ती लिहिल्यावर आणि स्ट्राइप ८ ठेवल्यावर २० मिनिटांची ६ झाली. तुमचा आकडा वेगळा येईल, पण घाबरू नका. यात अवघड गणित काहीही नाही, आणि पहिले काही आठवडे काहीच कळत नाही असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

सध्या माझे लक्ष जॉबच्या सुरुवातीकडे आहे. तेथे १०२४ प्रोसेस मॉडेलच्या सेटिंगांची एकच छोटी नेमलिस्ट फाइल एकाच वेळी उघडतात. ती एकीने वाचून ब्रॉडकास्टने बाकीच्यांना द्यावी, एवढे दहा ओळींचे काम या आठवड्यात करायचे आहे.