कमाटीबागेत पळणाऱ्या मुलांचे फोटो

मूल पळालं की फोटो हलतो आणि ‘इकडे बघ’ म्हटलं की चेहरा ताठ होतो. बडोद्यात मुलांना कमाटीबागेत न्याल तेव्हा असं करा.

१. फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड (सेटिंग स्वतः ठरवण्याचा) असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर. दाट झाडाखाली फोटोत दाणे येतात, तिथे १/२५० पुरे.

२. गुडघ्यावर बसा. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला हवी. सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

३. हाक मारू नका. घसरगुंडीच्या पायथ्याशी स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, मूल खाली येताच सलग आठ-दहा फोटो घ्या. त्यातला एखादाच खरा निघतो.

दुसऱ्यांची मुलं फोटोत असतील तर पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.