जत्रेच्या नाटकात पश्चात्ताप करणारा तलवारबाज कसा उभा करायचा

गोव्यात जत्रा, काला, सप्ताह काहीही असलं तरी रात्री मराठी नाटक पाहिजेच, आणि दर दोनतीन गावांआड कुणीतरी एक नाटक लिहून काढतो ज्यात हिरो पूर्वी खूप माणसं मारलेला असतो आणि आता गावोगाव फिरतो. आयडिया चांगली आहे, पब्लिकला आवडते, पण नव्वद टक्के वेळा होतं काय की हिरो येतो, ऑर्गन वाजतो, लाल लाईट पडतो आणि तो वीस मिनिटं स्वगत बोलतो, की माझ्या हातांना रक्ताचा वास येतो वगैरे. पुढच्या रांगेतली पोरं झोपतात. तर यंदा कुणी असं नाटक लिहायला घेतलं असेल तर हे वाचा.

सगळ्यात आधी ठरवा त्याने कोणाला मारलं. "शेकडो लोकांना" हे उत्तर नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, प्रत्येक खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले, पण गोष्ट लक्षात राहते ती रांजणांमुळे नाही, बायकोपोरं "तुझ्या पापात आमचा वाटा नाही" म्हणतात ना, तिथे ती पोटात घुसते. म्हणजे आकडा मोठा करून काही होत नाही, एक माणूस पाहिजे. त्या माणसाला नाव द्या, गाव द्या, घरात मागे कोण राहिलं ते द्या, आणि मागे राहिलेलं ते माणूस पहिल्या अंकातच स्टेजवर आणा. अंगुलीमालाचं पण तसंच, बुद्धाच्या संघात गेला, भिक्षू झाला, तरी भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे आणि तो फुटकं डोकं घेऊन परत यायचा. लोक लगेच विसरले नाहीत हेच त्या गोष्टीत खरं वाटतं.

काळ आणि जागा. आपल्याकडे लगेच शिवकाळ नाहीतर सरळ जपान. जपानी घ्यायचं तर घ्या, पण मग मालक नसलेला सामुराई म्हणजे रोनिन काय चीज होती ते जरा वाचा, आणि १८७६ साली तिथल्या सरकारने पोलिस-सैनिक सोडून बाकीच्यांना कमरेला तलवार लावायला बंदी केली एवढं तरी लक्षात ठेवा, कारण भटक्या तलवारबाजाची सगळी मजा तिथेच आहे, हातातली विद्या आता कोणालाच नको. पण तेच आपल्याकडे मिळतं ना. १८९५ घ्या. मोझांबिकला जायचा हुकूम आला म्हणून गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी बंड केलं, शस्त्रं घेऊन सत्तरी तालुक्यात नाणूसच्या किल्ल्यावर गेले, तिथल्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांच्यात सामील झाले, आणि ते मोडायला पोर्तुगालहून राजाचा भाऊ आफोन्स फौज घेऊन आला. तोपर्यंत बंदुका आल्या होत्या, मुरगावहून घाट चढून आगगाडी पण जात होती. अशा वेळी तलवार चालवण्यात हुशार असलेला एक माणूस, बंडाच्या गडबडीत कुणाच्यातरी सांगण्यावरून भलत्याच माणसाला मारून बसलेला, आणि आता बंड संपलंय. समजा त्याचं नाव येसो. केरी, चोर्ला, सुर्ला, म्हादईच्या काठाने हिंडतोय. एवढं असलं की राजवाडा, सिंहासन, दरबार कशाचाच खर्च नाही, पडद्यावर एक डोंगर रंगवला की काम झालं.

बंड करणाऱ्या राणे मंडळींना मात्र व्हिलन करू नका, सत्तरीत नाटक लावलंत तर उठून जातील लोक, आणि बरोबरच आहे त्यांचं. येसोचं पाप त्याचं स्वतःचं असू दे.

आता तो फिरताना जगतो कसा? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. रात्री कुठे झोपतो, जेवतो काय, पेज कोण वाढतो? भटकणाऱ्याला काम करावं लागतं. कुणाच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, पाण्याचे पाट साफ करायला लावा, गवत कापायला लावा. आणि इथे एक सीन मोफत मिळतो. म्हातारी त्याला कोयता देते आणि तो कोयता ज्या पद्धतीने धरतो ते बघून ती गप्प होते, कारण गवत कापणारा माणूस असा धरत नाही. एक शब्द बोलायची गरज नाही, फक्त तिने दोन पावलं मागे सरायचं. ही म्हातारी म्हणजेच मेलेल्याची आई ठेवली तर अजून उत्तम, पण तिला अजून माहीत नाही, आणि पब्लिकला माहीत आहे. तो तिला "आये" म्हणतो, ती त्याला "पुता" म्हणते, आणि ते "पुता" ऐकलं की त्याने मान खाली घालायची, बस.

तलवारीबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळं पात्र तिच्यात आहे. तलवार सोडली म्हणणारा माणूस ती बरोबर का बाळगतो? उत्तर नसेल तर पात्र नाही. नदीत टाकली असती की. माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग पावसातून जातो. सत्तरीच्या पावसात लोखंडाला तेल नाही लावलं तर थोड्याच दिवसांत गंज धरतो, म्हणजे पहिल्या अंकात येसो रात्री घोंगडीतून तलवार काढतो, पातं पुसतो, खोबरेल लावतो आणि परत गुंडाळून ठेवतो. तोंडाने म्हणतो मी ते सोडलं, हात मात्र तिची देखभाल करतो. दुसऱ्या अंकात म्हातारीने विचारायचं, "एवढं तेल कशाला रे लागतं तुला?" आणि तिसऱ्या अंकात तो तेल लावत नाही. पश्चात्ताप म्हणजे काय हे लोकांना कळतं, आणि स्वगताची तीन पानं कमी होतात.

आणि ती लढायला म्यानातून एकदाच काढायची. अख्ख्या नाटकात एकदा. पब्लिक दोन तास वाट बघणार, बघू दे. त्याआधी एक प्रसंग असा लिहा की तलवार काढली असती तर पाच मिनिटांत सुटला असता, पण काढत नाही आणि त्यामुळे खरंच काहीतरी नुकसान होतं, मार खातो, काम जातं, कुणाची तरी गुरं लुटून नेतात आणि गाव त्यालाच शिव्या घालतं. तलवार न काढायला किंमत पडली नाही तर ते व्रत नाही, नुसती पोझ आहे.

फायटिंगचं प्रॅक्टिकल. देवळासमोरच्या मांडवात स्टेजला चिकटून पोरं आणि बायका बसतात, त्यामुळे खरं पातं कधीही नाही, घरात आजोबांची असली तरी नाही. ॲल्युमिनियमची पट्टी, कडा आणि टोक घासून गोल केलेलं, मूठ पक्की रिबीट मारून, आणि प्रत्येक अंकाआधी मूठ हलवून बघायची. लाकडाला चंदेरी कागद लावलात तर हॅलोजनमध्ये पिठाच्या गिरणीतल्या पट्ट्यासारखं दिसतं, नको ते. तालीम सुरुवातीला नुसत्या काठीने करा, फरीगदग्याचा, म्हणजे ढाल-काठीचा, खेळ माहीत असलेला कोणी म्हातारा गावात असेल तर त्याला बोलवा, पाय कसे टाकायचे तो दाखवेल. वार नेहमी शरीराच्या बाजूच्या हवेत, आधी डोळ्याला डोळा, समोरच्याने मान हलवली की मगच. सगळं आकड्यावर बसवा, एक दोन तीन, आधी एकदम स्लो. धोप नावाच्या मराठा तलवारीचं पातं सरळ असतं आणि नेहमीची तलवार वाकडी, जे धरलं त्याप्रमाणे हात शिकवा, जपानी पिक्चरसारखं खांद्यामागून उपसायचं खूळ काढून टाका, सामुराई पण ती कमरेलाच लावायचे.

शिगम्यातली घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून करतात तो नाच), साखळी गावचा वीरभद्राचा नाच, ह्यात तलवारी असतात म्हणून लगेच उचलून मधे डान्स घालू नका. ते देवाचं काम आहे. उलट सत्तरीतल्या झर्म्याच्या चोरोत्सवाकडे बघा, तिथली कथा अशी सांगतात की चोर समजून निरपराध माणसं मारली गेली, आणि गाव ते दरवर्षी आठवतं. अख्खं गाव आपली चूक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतं, आणि आपला हिरो एका गाण्यात मोकळा होतो, काय म्हणायचं.

माफीचा सीन लिहिताना हात आवरा. ट्रिकसीनचा मोह होणारच, धूर, निळा लाईट, देवी प्रकट, हिरोचे हात स्वच्छ. दशावतारात ते शोभतं, इथे नको, कारण मुलगा मेला तो म्हातारीचा, मग देवी परस्पर माफ करणारी कोण? ती माफ करणार की नाही हे तिच्यावर सोडा. मला विचाराल तर तिने करूच नये. तिने एवढंच म्हणावं, "पाट फुटलाय, आधी तो बांध." आणि त्याला हिरोचा मृत्यू पण देऊ नका प्लीज, छातीवर गोळी झेलून मरणं सगळ्यात सोपं, मेला की सुटला. त्याला उद्या सकाळी परत तिच्याच दारात उभं राहायचंय, कठीण ते आहे.

कास्टिंगला गावातला जाडजूड मिशीवाला घेऊ नका, गप्प बसून बघता येणारा घ्या. म्हातारीला मात्र तुमच्याकडची बेस्ट ॲक्ट्रेस, नाटक तिचं आहे. आणि लांबी कापा. पालखी देवळात पोचून आरती, पावणी (देवळातला लिलाव) वगैरे झाल्याशिवाय पडदा उघडत नाही, अंक दुसरा संपेपर्यंत पहाटेची हवा लागायला लागते आणि भजी-चण्याच्या गाड्यावर गर्दी वाढते, तेव्हा तिसरा अंक पंचवीस मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि तलवार काढायचा सीन त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत उरकून घ्या.